बिनवायरचा डबा आणि पऱ्हाटीचा कूड

दुरुस्ती करणाऱ्या माणसाची आठवण कोणाला चांगल्या दिवशी येत नाही. प्रिंटर चालू असला की तो मालकाचा, बंद पडला की माझा. म्हणून या अंकवाल्या पोरांचा फोन आला, "काका, दिवाळीच्या अंकात तुमच्या धंद्याबद्दल लिहा," तेव्हा मी आधी विचारलं, "काय बिघडलं?" ते हसले. मी हसलो नाही. मला खरंच वाटलं की काही बिघडलं असेल.

मी चौथी शिकलो. शुद्धलेखन अंकवाले पाहून घेतील. दुकान कधी टाकलं, उद्घाटनाला कोण आलं, ते सांगत बसत नाही. त्यात तुम्हाला रस नाही आणि मलाही नाही. अकोल्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आधी स्टोव्ह आणि रेडिओ, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर आला तसं त्याच्या भोवतीचं सामान. कॉम्प्युटरच्या पोटात मी कधी हात घातला नाही. त्याच्या बाहेर जे जे जोडलेलं असते, प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड, माऊस, ते माझं.

बाहेरच्या माणसाला वाटते की मशीन आतून खराब होते. आमच्या वऱ्हाडात ती बाहेरून खराब होते. धामणगाव रेल्वे या गावी कापसाच्या एका जिनिंगच्या मुनीमजींनी बोलावलं. म्हणाले, "वासुदेवभाऊ, प्रिंटरले मिशा फुटल्या." उघडून पाहिलं तर रोलरभोवती कापूस गुंडाळून गुंडाळून त्याची वात वळलेली. समईत लावली असती तर जळली असती. अमरावतीला एका वकिलाच्या प्रिंटरमधून मी पालीची अंडी काढली. वकीलसाहेब म्हणाले, "हे गॅरंटीत बसते का हो?" मी म्हटलं, "पालीले इचारा. ताबा तिचा आहे." त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. पालीनंच दुसरा मेकॅनिक लावला असेल.

पण सगळ्यात जास्त तक्रारी वायरच्या. वायर उंदीर खाते, झाडू ओढते, खुर्चीचा पाय दाबते. आणि प्रिंटरची वायर किती लांब न्यायची त्याला हद्द आहे. मोठ्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही पुरत नाही. पुढे नेली तर कॉम्प्युटर प्रिंटरला ओळखतच नाही, जसं काही दोघांत कधी सोयरीक नव्हतीच.

त्यावर इलाज म्हणून नागपूरच्या व्यापाऱ्यानं मला एक डबा दिला. नमुन्यादाखल, विकला तर विकला. साबणदाणीपेक्षा थोडा मोठा, काळा, त्याला मागून चार भोकं. प्रिंटर, स्कॅनर, जे काही असेल ते त्या भोकांत लावायचं. त्याच्यासोबत बोटाएवढी एक दांडी, ती कॉम्प्युटरला लावायची. दांडी आणि डबा एकमेकांशी हवेतून बोलतात, मधे वायर नाही. एका खोलीत छान बोलतात. दार उघडं असलं तर शेजारच्या खोलीपर्यंत जमते. मधे जाड भिंत आली की पुटपुटतात. लोखंड आलं की मुकेच होतात. जमलं की डब्यावर निळा दिवा, तुटलं की लाल. एवढंच त्याचं शास्त्र, यापेक्षा जास्त मला तेव्हाही माहीत नव्हतं.

माझी बायको पंचफुला दुकानात गल्ल्यावर बसे. तिनं डबा हातात घेऊन फिरवला. "मधे काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मंग जाते कशातून?"

मी म्हटलं, "तुह्या मनातलं मले कशातून समजते?"

"तुमाले कुठी समजते," ती म्हणाली आणि डबा फडताळात ठेवून दिला.

तो तिथंच राहिला. ती कापसाची वाईट सालं होती. खेड्यातलं गिऱ्हाईक बाजारात येईना, आणि ते येईना म्हणून शहरातलं गिऱ्हाईक साधा माऊस घ्यायलाही दहा वेळा विचार करी. हवेतून बोलणारा डबा कोण घेणार? पंचफुलेला काविळीनं धरलं. आधी झाडपाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. तिथून मी एकटाच रिकाम्या हातानं परत आलो. याच्यापुढं यावर मी लिहीत नाही.

दोन महिन्यांनी दुकानात फोन वाजला.

"चाचा, मी मूर्तिजापूरहून रजिया बोलून राहिली. युनूसच्या घरून. चाचीले द्या ना."

युनूस माझं जुनं गिऱ्हाईक. मूर्तिजापूरला तहसिलीच्या रस्त्यावर त्याचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. मशीन बिघडली की फोन त्याची बायको लावे आणि उचले पंचफुला. दोघी आधी आपलं बोलून घेत, मग मशीनचं दुखणं मला कळे. त्या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "चाची नाही."

"बजारात गेल्या काय?"

"वारली. दोन मैने झाले."

मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "आमचे बी गेले, चाचा. ताप डोक्यात चढला. मागच्या जुम्म्याले."

ती आवाज साफ करून म्हणाली, "काम होतं."

मला बरं वाटलं. दोन महिने मला जो भेटे तो रडा म्हणे, नाहीतर रडू नका म्हणे. कामाचं कोणी बोलतच नव्हतं.

काम असं होतं. मुसलमानात नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं असते, परक्या गड्यांसमोर यायचं नसते. त्याला इद्दत म्हणतात. रजिया आतल्या घरात बसलेली आणि दुकान रस्त्यावरच्या खोलीत. टायपिंग पहिल्यापासून तीच करी. मराठी, हिंदी, उर्दू, तिन्ही. युनूस गिऱ्हाईक बघे. आता गिऱ्हाईकासमोर तिला बसता येईना, आणि दुकानात बसलेल्या तिच्या सासऱ्याला, करीमभाईंना, कॉम्प्युटर येईना.

दुसरी गोष्ट तिनं हळू आवाजात सांगितली. तिचा जेठ म्हणजे थोरला दीर, इस्माईल, त्याचं टायर-पंक्चरचं खोपटं रस्ता रुंद करण्यात जाणार होतं. त्याला बसायला जागा पाहिजे होती. करीमभाईंनी घरात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं : समोरची खोली चालू राहिली तर बहूची, बंद पडली तर इस्माईलची. बंद खोली ठेवून मी दोन घरं उपाशी ठेवणार नाही.

"गलत नाई बोलले अब्बा," रजिया म्हणाली. "पन खोली गेली तर मी इद्दत संपल्यावर कुठी बसू? दोन पोरी हायेत मले. मशिदीतल्या मौलानाले इचारून पाठवलं. ते म्हनले, घरात बसून काम कराले मनाई नाई. म्हून कॉम्प्युटर माझ्याजवळ आत पायजे, अन् कागद बाहेर दुकानात निघाला पायजे."

"प्रिंटर बी आतच ठेव ना. बुढा कागद आनून देईन."

"अब्बाचे घुटने पाह्यले काय तुमी? दोनदा अंगन वलांडलं की बसते. अन् लोकं कागद स्कॅन कराले देते, डोळ्यासमोरून हलू देत नाई. लंबी वायर आनून पाह्यली. कॉम्प्युटर नाई म्हनते. अन् जेवढी चालली तेवढी बकरीनं खाल्ली."

मी फडताळातून डबा काढला. पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मूर्तिजापूर गाठलं.

घर असं : रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे दार, दाराला पडदा, मग लहानसं अंगण, अंगणाच्या पलीकडे रजियाची खोली. दुकानाचं दार आणि तिच्या खोलीचं दार समोरासमोर. मी मनात म्हटलं, जमते. डबा दुकानात दाराशेजारी टांगला, प्रिंटर आणि स्कॅनर त्याला लावले. दांडी करीमभाईंच्या हाती आत पाठवली. ते गुडघ्यावर हात ठेवत गेले आणि गुडघ्यावर हात ठेवत आले.

मग सुरू झाली आमची ओरडाओरड. मला पडदा इकडून दिसे, तिला तिकडून. मी इकडून सांगायचं, तिनं तिकडून करायचं.

"सीडी टाकली काय?"

"टाकली. काहीतरी इचारून राहिली."

"काय इचारते?"

"इंग्रजीत इचारते, चाचा. मी हो म्हनू का नाई?"

"हो म्हन. मशीनले नाई म्हनलं की ते परत इचारते."

डब्यावरचा दिवा मला उजेडात नीट दिसेना. करीमभाई डोळे बारीक करून वाकले आणि म्हणाले, "लाल है." थोड्या वेळानं म्हणाले, "अभी भी लाल है." मग एकदम ताठ झाले, गुडघे विसरून. "आसमानी हो गया!"

मी ओरडलो, "बेटा, काहीबी टाइप कर अन् पाठव."

प्रिंटर घरघरला. कागद निघाला. करीमभाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला, "अब्बा, चाय पी लो, ठंडी हो रही है." खाली बघतात तर खरंच, कपात साय धरलेली. त्यांनी चहा उचलून एका दमात पिऊन टाकला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दुकान चालू झालं, आणि जोरात चालू झालं. त्या दिवसांत शेतकऱ्यांसाठी सरकारचं पॅकेज आलं होतं. पॅकेजसोबत अर्ज आले, अर्जासोबत दाखले, दाखल्यांसोबत झेरॉक्स. वावरात काही पिकत नव्हतं, कागद मात्र भल्ला पिकला होता. लोक दुकानात उभे राहून पडद्याकडे तोंड करून मजकूर सांगत. डबा लावला त्या दिवशीच मी ऐकलं, एक म्हातारा बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रार लिहायला आला होता. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "लिव बाई. साहेब, तुमी आंधळे हा."

आतून रजिया म्हणाली, "काका, असं नाई लिवत. 'आपल्या निदर्शनास आलेले दिसत नाही' असं लिवते."

"मतलब तोच ना?"

"तोच."

"मंग ठीक हाय. दोनदा लिव."

पंधरा दिवसही गेले नसतील, फोन आला. रजियाच. "चाचा, लाल झाला. सकाळपासून कागद निघत नाई. लोकं समोरच्या टायपिंगवाल्याकडे जाऊन राहिले."

मी फोनवरच सगळं सांगितलं. तेव्हा भारनियमन होतं, लाइट दिवसातून दोनदा-तीनदा जाई. लाइट आली की आधी डबा लावायचा, मग दांडी, उलटं केलं तर दोघं रुसतात. तिनं तसंच केलं. लालच. मी दुसऱ्या दिवशी गेलो, सोबत नवा अडॅप्टर. बदलला. लालच. मग मी डबा काढून करीमभाईंच्या हाती आत पाठवला. आतून रजिया ओरडली, "निळा! चाचा, अठी निळा!" डबा परत दुकानात आला, परत लाल.

म्हणजे डबा चांगला, दांडी चांगली. खराबी मधे होती. मी करीमभाईंना विचारलं, "मधे काही लोखंडाचं ठेवलं काय? कपाट, पलंग?"

"कुछ नहीं, भाऊ. परदा है बस."

मी दाराकडे पाहिलं. पडदा होता. मागे काय आहे ते बघायला पडदा उचलावा लागला असता. घरात सुतक म्हणा, इद्दत म्हणा, मी परका गडी. मी पडदा उचलला नाही. अडॅप्टर बदलून बदलून संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

त्या गाडीत मला राग आला. डब्याचा नाही. मला वाटलं, पंचफुला असती तर सरळ आत गेली असती. रजियाजवळ बसून, पाणी पिऊन, आत काय आहे काय नाही ते सगळं घेऊन बाहेर आली असती. अर्धी दुरुस्ती ती अशीच करी. मशीनचं तिला काही कळत नव्हतं, पण मशीन ज्या घरात असते ते घर तिला कळे. तो अर्धा धंदा तिच्यासोबत गेला आणि मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं की तो अर्धा होता.

घरी येऊन मी ठरवलं, हे काम मी सोडत नाही. नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, माल वापस पाठवा, असे डबे येत राहतात, जात राहतात. मी म्हटलं, मी जात राहत नाही. एक दिवस सोडून परत मूर्तिजापूर.

यावेळी दुकानात इस्माईल बसला होता. हात टायरच्या काळ्यानं भरलेले, चेहरा पडलेला. मला म्हणाला, "चाचा, कावून एवढे हैरान होता? नाई जमत तर नाई जमत. अब्बांनी काल सांगतलं, या जुम्म्यापर्यंत पाहू. मंग मी टायर आनून ठेवतो." बोलण्यात खार नव्हता. त्याच्या खोपट्यावर नोटीस लागलेली, त्यालाही दोन लेकरं.

डबा उघडून उगीच भोकं साफ करत बसलो. लाइट होती. दिवा लाल. आतून रजियाची एक पोरगी पाढे म्हणत होती. आणि एवढ्यात पडद्यामागून मोठा आवाज आला : ढण्ण.

मी म्हटलं, "काय झालं?"

इस्माईल म्हणाला, "बकरी. शिंग घासते तिथी."

परत ढण्ण.

मी चाळीस वर्षं आवाजावरून दुरुस्ती केली. कापडाला शिंग घासलं तर असा आवाज येत नाही. मी उठलो. "इस्माईल, बकरी कशाले शिंग घासते?"

"परद्याले."

"परदा कशाचा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पत्र्याचा."

झालं होतं ते असं. दुकानात गर्दी वाढली. वाऱ्यानं पडदा हले आणि उभे राहिलेले गडी सरळ अंगणापलीकडे बघत. एकदोघांना इस्माईलनं हटकलंही. मग भावाच्या बायकोची अदब राहावी म्हणून त्यानं आपल्या खोपट्यावरचा चांगला लांबरुंद पत्रा काढून आणला आणि पडद्यामागे अंगणात आडवा उभा केला. उघडा पत्रा सुतकाच्या घरात वाईट दिसतो म्हणून त्याच्यावर दोन्हीकडून चादर टाकली. ते त्यानं भल्या पहाटे केलं, रजिया नमाजात होती. तिला वाटलं, भाईजाननं जाड पडदा लावला. करीमभाईंना वाटलं, परदा. मी अदबीनं पडदा उचलला नाही. सगळे चांगलं वागत होते, आणि सगळ्यांच्या चांगुलपणाच्या मधोमध एक पत्रा उभा होता.

मी हसलो. मला हसू आवरेना. "पत्रा काढ बाप्पा! हवेतून बोलनं थांबलं ते त्याच्यानं."

इस्माईल उभा राहिला. "नाई काढनार. माझ्या भावाच्या घराची इज्जत हाय ती."

आणि तेव्हा आतून आवाज आला. रजिया अंगणाच्या त्या टोकाला दाराआड आली असेल. आवाज सरळ होता, रडका नव्हता. "भाईजान, एक गोष्ट सांगा. तुमाले मालूम होतं काय, पत्र्यानं बंद पडते म्हून?"

करीमभाईंनी मान खाली घातली. मी डबा धरून तसाच उभा. खोलीवर नजर इस्माईलची होती, पत्रा इस्माईलनं लावला, खोली बंद पडली. तिनं जे विचारलं ते गल्लीत कोणीही विचारलं असतं. फरक एवढाच की तिनं तोंडावर विचारलं.

इस्माईलच्या काळ्या हातांची बोटं वळली. म्हणाला, "मले मालूम असतं तर मी माझ्या खोपट्याचा पत्रा काढला असता काय, रजिया? माझे टायर पावसात हायेत तवापासून."

आतून ती म्हणाली, "मी आपलं इचारून घेतलं. मनात ठेवलं असतं तर जिंदगीभर राह्यलं असतं."

"बरं केलं," इस्माईल म्हणाला.

मी म्हटलं, "आडोसा ठेवा. पत्रा काढा. कापड, लाकूड, काडी, काहीबी चालते. पातळ पायजे."

"काडी?" इस्माईलनं विचारलं.

"काडी."

तो उठला आणि सायकल काढून गेला. तासाभरात परत आला तो एका बैलगाडीसोबत. गाडीत गेल्या सालची पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर वावरात उभ्या राहतात त्या वाळलेल्या काड्या. सरपणाला न्यायच्या, नाहीतर जाळून टाकायच्या. गाडीवान इस्माईलच्याच ओळखीचा कास्तकार. म्हणाला, "घ्या किती पायजे तेवढी. कापसानं तर काही देल्लं नाई, पऱ्हाटी तरी कामी लागू द्या."

पत्रा निघाला. मी आणि इस्माईलनं पऱ्हाटीच्या काड्या एकाला एक लावून सुतळीनं आवळल्या, मधे बांबूचे दोन आडवे दांडे दिले. खेड्यात गोठ्याला असा कूड करतात. माझ्या बापानं केलेले मी पाहिले होते, स्वतः कधी केला नव्हता. करीमभाई खुर्चीवर बसून, "इधर ढीला है, उधर ढीला है," करत होते. इस्माईल माती लिंपायला निघाला. मी म्हटलं, "माती नको. वली माती बी अडवते. वरून चादर टाक." चादर टाकली. उभा केला. या बाजूनं बकरीही दिसेना.

मी डबा लावला. लाल. लाल. मग करीमभाई म्हणाले, "आसमानी."

प्रिंटर घरघरला. यावेळी रजियानं काही गमतीचं लिहिलं नव्हतं. सकाळपासून अडकलेला एका विधवा बाईचा निराधार योजनेचा अर्ज होता. ती बाई सकाळपासून पायरीवर बसून होती. इस्माईलनं कागद उचलला, काळे हात लागू नयेत म्हणून दोन बोटांनी कोपऱ्याला धरला आणि तिला नेऊन दिला.

त्यानंतर तो रोज दुकानात थांबू लागला. करीमभाईंची नजर आणि गुडघे दोन्ही पुरत नव्हते, तेव्हा डब्यासाठी माणूस पाहिजेच होता. लाइट आली की आधी डबा, मग दांडी, हे त्याला एवढं पाठ झालं की तो बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबी आणि निळा झाला की गिऱ्हाईकाकडे अशा नजरेनं बघे जसं काही त्यानंच तो पेटवला. पावसात भिजणारे टायर त्यानं दुकानाच्या ओट्यावर आणून लावले. बापाला विचारलं नाही. बाप काही बोलला नाही.

मी मधून मधून जात होतो. डबा बघायचा बहाणा होता. नव्वद टक्के वेळा काही बिघडलेलं नसे. पडद्याआडून चहा येई, पडद्याआडून ती बोले. एकदा म्हणाली, "चाचा, चाची मले म्हनत, तुमचा चाचा मशीनशी जेवढं बोलते तेवढं माझ्याशी नाई बोलत." मी म्हटलं, "खोटं." ती म्हणाली, "त्या बी म्हनत, हे ऐकलं की तुमी खोटं म्हनसान." माझ्या बायकोचं एवढं बोलणं माझ्या मागे झालं होतं आणि ते कोण्या घरी साठवलेलं होतं, याचा मला पत्ताच नव्हता. मी दर खेपेला थोडं थोडं मागत गेलो. ती थोडं थोडं देत गेली.

इद्दत संपली त्या दिवशी मी कॉम्प्युटर बाहेर आणायला गेलो. इस्माईलनं कूड बाजूला केला. रजिया बाहेर आली. माझ्या डोक्यात आवाजावरून उंच, धिप्पाड बाई होती. आली ती लहानखुरी, कपाळावर पदर ओढलेली, डोळे उजेडानं बारीक केलेले. मला बघून म्हणाली, "तुमी एवढे बारीक? आवाजावरून वाटे पहिलवान."

मी म्हटलं, "मले बी तेच वाटे."

ती खुर्चीवर बसली. युनूसच्या खुर्चीवर. हात एकदा टेबलावरून फिरवला. कॉम्प्युटर, प्रिंटर, दोन्ही एका टेबलावर आले, मधे आता हातभर वायर पुरली. पहिलं गिऱ्हाईक तोच बियाण्याचा म्हातारा. आला, आणि सवयीनं तिच्याकडे पाठ करून, मागच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "लिव बाई! साहेब, परत तेच!"

"काका, इकडे," रजिया म्हणाली.

म्हातारा दचकून वळला. तिला पाहिलं. दाराकडे पाहिलं. परत तिला पाहिलं. "तू बाहेर आली? मंग आतमंधी कोन हाय?"

करीमभाई एवढे हसले की खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्यांनी इस्माईलकडे पाहिलं, मग रजियाकडे, आणि म्हणाले, "खोली चालू है. चलती खोली के बीच में मैं नहीं बोलता. ओटे पे टायर, अंदर टायपिंग. ठीक है?" इस्माईल म्हणाला, "पाऊस ओट्यावर येते, अब्बा." रजिया म्हणाली, "पत्रा हाय ना तुमचा. वर लावा. तिथी कोनाचं बोलनं अडत नाई." त्या संध्याकाळीच तो पत्रा ओट्यावर चढला.

तसे डबे पुढे बाजारात फार आले नाहीत. प्रिंटरच हवेतून बोलायला शिकले, मधल्या डब्याची गरज राहिली नाही. माझ्या हातून तो एकच लागला. धंद्यात मी मोठमोठी कामं केली, जिनिंगचे, कोर्टाचे, कॉलेजचे प्रिंटर केले, त्यातलं मला फारसं आठवत नाही. पंचफुलेनं तो डबा चालताना पाहिला नाही, एवढं मात्र मनात आहे.

रजिया बाहेर बसली त्या दिवशी निघताना मी डबा आणि दांडी पिशवीत टाकली, चपला घातल्या. रजियानं टाइप करता करताच विचारलं, "आता कवा येसान?"

"आता कायले येऊ? वायर हातभर हाय. तुटाची नाई."

तिनं मान वर केली नाही. पान संपवलं, बटण दाबलं, कागद निघाला तो म्हाताऱ्याला दिला. मग म्हणाली, "नाई तुटली तरी या."

मी दुकान बंद करून किती तरी वर्षं झाली. हत्यारं एका पोराला देऊन टाकली. तरी दर बुधवारी मूर्तिजापूरची पॅसेंजर धरतो. स्क्रू-ड्रायव्हर तेवढा खिशात असतो, तो काढायची वेळ येत नाही. चहा पितो, ओट्यावर पत्र्याखाली बसतो, संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. काही तुटलेलं नसते.